हमीदाच्या हातचा दिवा

लता, अशी जवळ सर. उंबऱ्यापाशी उभं राहून "बरी आहेस ना आत्या" म्हणायची तुझी सवय अजून गेली नाही. फोनवरही तसंच. बोलतेस तेव्हा मला वाटतं, तुझा एक पाय बाहेरच आहे. सोलापूरला कॉलेजात मुलांना शिकवतेस, मोठी बाई झालीस, सगळं कबूल. पण आत्याच्या घरी यायचं म्हटलं की तुझ्या परीक्षा निघतात, पेपर तपासायचे निघतात. म्हणून आता लिहूनच काढते. कागदावर तरी तुला घटकाभर बसवता येतं. बस. यातलं निम्मं तुला माहीत आहे, पण ते तुझ्या बाजूनं. माझ्या बाजूनं एकदा ऐक, आणि मधेमधे 'म्हणजे काय' विचारू नकोस. त्या 'म्हणजे काय'नं एक अख्खी सुगी माझी गोंधळात गेली.

शाळू पुन्हा हुरड्यात आलाय. सकाळी रानात शिरलं की ताटांवरचं दव गुडघ्यापर्यंत लुगडं भिजवतं. कणीस हातात घेऊन दाणा दाबला की दूध येतं, मग काही दिवस तो मऊ राहतो, मग टणक होतो; त्या मधल्या दिवसांतच काय तो हुरडा. पोरं आता गोफण मारत नाहीत. कसली तरी चकाकणारी फीत बांधून ठेवतात, ती वाऱ्यानं वाजत राहते आणि पाखरं बांधावर बसून तिची मजा बघतात. पण वास तोच. ओल्या ताटाचा, शेणीच्या आगटीचा, हातावर चोळलेल्या कोवळ्या दाण्याचा. तो वास आला की बाकीच्या सुग्या मागं सरतात आणि ती एकच पुढं येते. नव्वदीतली. साल विचारू नकोस. तू विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होतीस आणि आमची माणसं मेंढरं घेऊन कोकणात गेली होती, एवढं मला पुरे.

त्या साली माझा गुडघा धरला म्हणून मी मागं राहिले. नाहीतर दिवाळी झाली की आमच्या लोणी भापकरच्या वाडीतली निम्मी घरं रिकामी व्हायची. घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या, कोंबड्यांच्या वर एखादं पोर. घाट उतरायचा, भाताच्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची, आणि ज्येष्ठ लागला की परत. आठ-आठ महिने अंगाला मेंढराचा वास असायचा, आणि आपल्याला तो येत नाही हे आपल्याला कळायचंही नाही. त्या साली पहिल्यांदा कळला, कारण तो नव्हता. मेंढरांचं वाडगं रिकामं, लेंड्या वाळून खडखडीत झालेल्या, कुत्रंही त्यांच्याबरोबर गेलेलं. एवढं शांत घर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि त्या शांत घरात तू पुस्तकांची पिशवी घेऊन आलीस.

तुझ्या बापानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, बारामतीहून तुला एसटीत बसवताना मला निरोप पाठवला होता, 'हिला जरा समजाव.' काय समजावायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. पोरगी बी.ए. झाली, आता बी.एड. करील, शाळेत लागेल, असा त्याचा हिशेब. आणि तू कुठलंसं धर्मांचं शिक्षण घेतलंस. पुढं त्याचं काय होतं ते कुणालाच सांगता येईना. तू यायच्या आधीच वाडीत बातमी पोचली होती. एक जण म्हणाला, पोरगी कीर्तनाला उभी राहणार. दुसरी म्हणाली, संसार सोडणार. दगडूआबा तर पारावरून उठून मुद्दाम आपल्या अंगणात आले.

"काय गं लते, देवाचं शिकतीस म्हणं. मंग आमच्या बिरोबाला पावसाचं इचारून सांग की जरा."

"आबा, मी देवाला नाही विचारत. माणसांना विचारते."

"मंग उगाच गेलीस. मान्सं कुठं खरं सांगत्यात."

तू हसलीस आणि ते लिहून घेतलंस. आबा घाबरले. "आता ह्ये कशाला लिवलं? पुसून टाक," म्हणाले, आणि परत पारावर जाऊन बसले ते पुढं कितीतरी दिवस तुझ्या वाटेला आले नाहीत.

मला तू बोरीखाली घोंगड्यावर बसून समजावून सांगायचीस. मी हुरडा भाजायचे, गरम कणसं हातावर चोळायचे आणि ऐकायचे. एक विषय असा, की देव आहे हे धरून चालायचं आणि मग तो कसा आहे याचा विचार करायचा. दुसरा विषय असा, की देव आहे की नाही हे बाजूला ठेवायचं आणि माणसं काय करतात ते बघायचं.

"बाजूला म्हणजे कुठं ठेवायचा गं?" मी विचारलं.

"आत्या, असं खरंच कुठं ठेवायचा नसतो. विचारात बाजूला."

"तसं व्हय. मला वाटलं, तिकडं त्याला खोली दिलीया."

तू रागावलीस, पण जवसाची चटणी आणखी मागितलीस. मी थट्टा करत होते असं तुला वाटलं. खरं तर मला काही कळत नव्हतं. मी शाळेत गेलेली बाई नाही. अक्षरं शिकले ती तुझ्या बापाच्या पाटीवरून. तो शाळेतून येऊन पाटी टाकायचा, मी मेंढरांना पाणी दाखवून यायचे आणि त्यानं पुसायच्या आत ती बघून घ्यायचे. त्यामुळं मला अर्ध्या अर्ध्या गोष्टी येतात. तुझं बोलणंही मला तसंच अर्धं अर्धं कळायचं. देव बाजूला ठेवून माणसांकडं बघायचं म्हणजे, मेंढरं बाजूला ठेवून धनगराकडं बघण्यासारखं. दिसेल की धनगर. पण हातात काठी घेऊन तो तिथं का उभा आहे ते कसं कळणार?

तू विचारायचीस, बिरोबा म्हणजे शंकरच का? मी म्हणायचे, असंल, मला कधी बोलला नाही. कोनाड्यातल्या त्या झिजलेल्या दगडाचं नाव काय? मी म्हणायचे, माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं. मग नाव माहीत नसलेल्याला हात का जोडता? आता याला काय सांगू? रस्त्यानं म्हातारं माणूस चाललेलं दिसलं तर त्याचं नाव विचारून मग वाट देतो का आपण? हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मी नुसती राख खालीवर करत बसायचे.

आणि रोज दिवेलागणीला हमीदा यायची.

आपल्या भिंतीला भिंत लागून मुलाण्यांचं घर. हमीदाचा नवरा, मुलाणीभाऊ. गावात कुठंही बकरं कापायचं असलं, देवाचं असो की लग्नातलं, सुरी घेऊन तोच यायचा. त्याच्या हातचं नसलं तर आमच्यातली म्हातारी माणसं मटणाला शिवायची नाहीत. हमीदा माझ्यापेक्षा चार-दोन वर्षांनी लहान. तिला बोलायला फार लागायचं नाही, आणि मला किती लागतं ते तू बघतेच आहेस, त्यामुळं आमचं जमायचं. माझी सासू होती तोवर माणसं कोकणात गेली की मागं ती दिवा लावायची. तिचे डोळे गेले तेव्हा तिनं हमीदाला हाक मारली, तिच्या हातात काडेपेटी दिली आणि म्हणाली, मान्सं वाटंवर हायती तवर घरात अंधार नको. पुढं सासू गेली. घराची किल्ली हमीदाकडं राहू लागली. दिवाळी ते ज्येष्ठ आपल्या देवांपुढचा दिवा हमीदाच्या हातचा, हे इतकं ठरून गेलं की कधी ठरलं तेही कुणाला आठवेना. मगरिबची नमाज झाली की ती यायची. चपला बाहेर, डोक्यावर पदर. देवांच्या टाकांना हात लावायची नाही, कुंकवाच्या करंड्याला लावायची नाही. तेल बघायची, वात पुढं सारायची, काडी ओढायची, आणि दिवा धरला की हळूच म्हणायची, "सुखरूप येऊ दे समदी." संपलं. एवढ्याला कितीसा वेळ लागतो.

आता गंमत बघ. त्या साली मी घरात होते. माझा गुडघा धरला होता, हात नव्हे. तरी दिवाळी झाली, माणसं गेली, आणि पहिल्या संध्याकाळी हमीदा आली. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. तिनं दिवा लावला, "अक्का, तेल आणाय पायजेल," म्हणाली आणि गेली. तिला वाटलं नाही की अक्का घरात आहे. मला वाटलं नाही की मी लावायला पाहिजे. ती पाळी तिची होती. पेरणीची वेळ, पोळ्याची वेळ, तशी हमीदाच्या दिव्याची वेळ. तू आलीस, बघितलंस, आणि तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी विचारलंस.

"मावशी, आत्या घरात असताना तुम्ही का लावता?"

हमीदाच्या हातात काडी जळत होती. ती तुझ्याकडं बघत राहिली. काडी बोटापर्यंत आली तशी तिनं टाकली, दुसरी ओढली, दिवा लावला. त्या दिवशी ती 'सुखरूप येऊ दे' म्हणाली की नाही, मला आठवत नाही. जाताना उंबऱ्यात थांबून मला म्हणाली, "पोरगी इचारती ते बराबर हाय अक्का. का लावते मी?"

"तूच लावतीस म्हणून," मी म्हणाले.

"व्हय. पण का?"

मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

तुला मात्र त्यात तुझा प्रबंध सापडला. काय आनंद झाला होता तुला. सरांना पत्र टाकलंस. मला म्हणालीस, आत्या, यासाठी वेगळं प्रकरण करावं लागेल. हे 'हिंदू आचारा'त बसत नाही, 'मुस्लिम आचारा'त बसत नाही, 'संमिश्र'मध्ये घालायचं का? संमिश्र म्हणजे काय ते मी विचारलं. तू म्हणालीस, सरमिसळ. मला ते लागलं. सरमिसळ धान्यात खडे पडले की होते, मग सुपात घेऊन निवडायला लागतं. इथं काय निवडायचं होतं? पण दुसरा शब्द माझ्याकडंही नव्हता. बोरीवरची पाखरं पिकलेल्या बोरांवर तुटून पडली होती, निम्मी बोरं तुझ्या पुस्तकांवर पडत होती. तू ती उचलून खायचीस आणि बिया पानांच्या मधे राहायच्या.

मग तुझे सर आले. चांगला माणूस होता गं. चष्मा पुसत पुसत बोलायचा. पिठलं-भाकरी मांडी घालून खाल्ली, वर ताक मागून घेतलं. देवांपुढं उभं राहून मला विचारलं, "मी नमस्कार केला तर चालेल का?" असं कुणी विचारलेलं मी आधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, करा की, ते काय नको म्हणत्यात? विद्यापीठातले सर येणार म्हणून मी सकाळी टाक चिंचेनं घासले होते, कोनाडा पांढऱ्या मातीनं पोतारला होता, आणि हमीदासाठी देवापुढं पाट मांडला होता. घरात सरळ शिरणाऱ्या बाईला मी पाट मांडला. मला वाटलं, मान द्यावा. ती दारात आली, पाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पाहुण्यासारखी चपला नीट जोडून ठेवून आत आली.

पाटावर ती बसली नाही. त्याच्या कडेनं वाकून दिवा लावला. सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता. खट्ट वाजलं, पण उजेड पडला नाही. सरांनी तो हलवून बघितला, काहीतरी फिरवलं, आणि अगदी आर्जवानं म्हणाले, "मावशी, एकदा परत लावाल का? फोटो आला नाही."

दिवा तर लागलेला होता.

हे तुला कळलं होतं का, मला आजवर ठाऊक नाही. तू खाली मान घालून लिहीत होतीस. पण आम्हा दोघींना कळलं. परत लावायचा म्हणजे आधी विझवायचा. देवापुढचा, दिवेलागणीचा, माणसं वाटेवर असताना लावलेला दिवा. हमीदानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणायला पाहिजे होतं की नाही, हे आजही मला ठरवता येत नाही. पाहुणा माणूस, लांबून आलेला, त्याच्या शब्दाला नाही कसं म्हणायचं? आणि हो तरी कसं म्हणायचं? तेवढ्यात हमीदानंच वाट काढली. तिनं नवी काडी ओढली आणि जळत्या वातीला धरली. दोन्ही ज्योती एक झाल्या. कॅमेऱ्याचा लख्ख उजेड पडला, सर म्हणाले, "वा." हमीदानं काडी फुंकली आणि ती चहालासुद्धा थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

मी दाराकडं बघत बसले. नमाजेची वेळ गेली, कोनाड्यात अंधार झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या घरात दिवा लावायचा की नाही हे कळेना. काडेपेटी हातात घेतली. सासूनं हमीदाला दिलेली ती नव्हे, साधी दुकानातली. मी लावला तर हमीदाची पाळी मी घेतली असं होईल का? नाही लावला तर माणसं तिकडं घाटात, आणि इकडं अंधार. शेवटी लावला. पण 'सुखरूप येऊ दे' म्हणायला तोंड उघडेना. ते तिचं वाक्य होतं. मी रोज ऐकलं होतं, म्हटलं कधी नव्हतं.

ती नंतरही आली नाही, आणि ज्याला त्याला कारण माहीत होतं. ते दिवसच तसे होते. पेपरात शहरांतल्या दंगलींच्या बातम्या यायच्या, एसटीत माणसं एकमेकांचं आडनाव ऐकून गप्प व्हायची. वाडीत काही झालं नव्हतं, पण हवा वाडीतही येतेच. दगडूआबा म्हणाले, "तिचा ल्योक इंदापुरास्नं आला असंल, त्यानं बंद केलं असंल." तिचा सलीम तिकडं गॅरेजमध्ये कामाला होता. सर दोन दिवसांनी जाताना तुला म्हणाले, बाहेरच्या तणावाचा परिणाम आतल्या चालीरीतींवर कसा होतो, याचं हे उदाहरण आहे. तू रात्रीचं जेवण सोडलंस. "आत्या, मी विचारलं नसतं तर," म्हणालीस, आणि मी तुला जवळ घेतलं, पण 'तुझं काही चुकलं नाही' असंही म्हणू शकले नाही. मलाच माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात तर त्याहून वाईट यायचं. भिंतीला भिंत असून इतकी वर्षं मला तिच्या मनातलं ठाऊक नव्हतं का? ती नुसती सासूच्या शब्दाखातर लावत होती का? तिला कधी जड झालं असेल का? आधी हे प्रश्न नव्हते. आता ते घरात बसलेले होते, आणि त्यांना पाट मांडायचीही गरज नव्हती.

तू परीक्षेसाठी परत गेलीस. शाळू कापणीला आला. रोजगारी बाया वाकून ताटं उपटायच्या, पेंढ्या बांधायच्या, मी बांधावर पाय पसरून बसायचे. एका दुपारी बसवेना. उठले, लंगडत मुलाण्यांच्या दारी गेले.

हमीदा चिंच फोडत बसली होती. पुढ्यात टरफलांचा ढीग, बाजूला चिंचोके. मी खाली बसले आणि चिंचेचा एक आकडा उचलला. दोन-चार चिंचा फोडून झाल्या. मग मीच म्हणाले, "सलीमनं नगं म्हटलं व्हय?"

"सलीमला काय ठावं बी न्हाय."

"मंग गावात कुणी बोललं?"

"कुणाची बिशाद हाय."

"मंग मी पाट मांडला, त्याचा राग?"

त्यावर ती हसली. "त्याचा आला व्हता. पर तो गेला." मग हातातलं फोडणं थांबवून म्हणाली, "अक्का, त्या दिशी मी जळत्या दिव्याला काडी लावली."

"दिवा इझवला तर न्हाईस."

"न्हाय इझवला. पर लावला बी न्हाय. लावायचं सोंग केलं. तुमच्या सासूनं माझ्या हातात काडेपेटी दिली ती काय सोंग कराया? आता हात कोनाड्याकडं न्यायचा म्हटलं की मला वाटतंय, कुणीतरी बघतंय. कुणी नसलं तरी बघतंय. आणि ती पोरगी आत कुठंतरी इचारतीया, का म्हणून. मला सापडत न्हाय गं अक्का. सापडल्याबिगर कसा लावू?"

"आधी कुठं सापडलं व्हतं?"

"आधी हुडकलंच न्हवतं."

मी तिला समजावलं नाही. समजावायला मला समजायला नको का? चिंच फोडून झाली. उन्हं उतरली. मी उठताना म्हणाले, "आज तेल संपलंय. आणायचं व्हतं." ती म्हणाली, "बाटली भरून हाय माझ्याकडं." आणि संध्याकाळी नमाज झाल्यावर बाटली घेऊन ती आली. तेल घातलं, वात पुढं सारली, आणि काडेपेटी माझ्या हातात दिली. मी लावला. ती मागं भिंतीला टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "सुखरूप येऊ दे समदी."

मग रोज तसंच. तेल तिचं, काडी माझी, शब्द तिचे. याला काय म्हणायचं, तुझ्या कुठल्या प्रकरणात घालायचं, ते मला माहीत नाही. मी तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू पहिल्या गाडीनं आली असतीस.

ज्येष्ठात माणसं सुखरूप आली. मला वाटत होतं, पुढची दिवाळी येऊ दे, सगळी निघून गेली की हमीदा सरळ आत शिरेल, काडी ओढेल, आणि हे मधलं सगळं पुसून जाईल. पण त्या पावसाळ्यात तुझ्या मामांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, मेंढरं विकायचं काढलं. चरायला पडीक रान राहिलं नव्हतं, कोकणातल्यांनाही आता मेंढरं बसवायला नको होती, पोरांना घाट नको होता. व्यापारी आला, कळप गेला. दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. त्यानंतर दिवाळी आली, पण कुणी कुठं गेलं नाही. माणसं वाटेवर नाहीत, तर हमीदाची पाळी कशाची? तिनं लावला असता की नसता, हे पाहायची वेळच आमच्यावर आली नाही. ती संध्याकाळी यायची, भिंतीला टेकायची, मी दिवा लावायचे. 'सुखरूप येऊ दे' तरी कुणाला म्हणायचं? तरी ती म्हणायची. कोणासाठी, मी विचारलं नाही. तेवढं मी तुझ्याकडूनच शिकले होते, उलट्या बाजूनं.

तुझा प्रबंध तू मला आणून दिलास. जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याचा. मी बोट ठेवून ठेवून वाचला. निम्मा कळला. स्वतःला शोधत होते तर सापडले, 'एक वयस्कर स्त्री, मेंढपाळ कुटुंब'. बरं वाटलं, मग जरा उदास वाटलं. आणि तो फोटो. हमीदाचा हात, काडी, वात. खाली लिहिलंय, 'दिवा लावताना'. मी कितीदा तरी बघितला तो. खोटा म्हणावा तर हात तिचाच आहे, काडी जळतेय, दिवाही जळतोय. खरा म्हणावा तर ती संध्याकाळ मला माहीत आहे. तुला चांगले मार्क मिळाले म्हणून वाडीत पेढे वाटले, त्यातला पहिला मी हमीदाला दिला. ती म्हणाली, "पोरीला सापडलं का मंग?" मी म्हटलं, "सापडलं असंल. मार्क मिळालं म्हंजे." दोघी हसलो.

एवढं वय झालं, लता, तरी धर्म म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. तू शिकवतेस, तुला येत असेल. मला फक्त एवढं दिसतं, की काही गोष्टी अंधारात हात धरून चालल्यासारख्या असतात. कुणी बॅटरी मारली की हात दिसतात, आणि मग माणसं ते सोडून घेतात. बॅटरी वाईट नसते. तीही लागतेच, नाहीतर साप कसा दिसणार. मला यातलं एक काही धरता येत नाही. शाळूत बसून विचार करते आणि परत घरी येते ती तशीच.

आता मुद्द्याचं सांगते, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. हमीदा दिवाळीपासून इंदापूरला सलीमकडं आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते बरं झालं असं म्हणतात. पण सून परत पाठवत नाही, तिकडंच राहा म्हणते, आणि हमीदा काही बोलत नाही, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. इकडं संध्याकाळी मी काडेपेटी घेऊन बसते आणि भिंतीपाशी कुणी नसतं. दिवा लावते, नाही असं नाही. पण उशीर होतो. हात घुटमळतो. आणि यंदा माझ्या मनात आलंय की एकदा तरी काडी तिच्या हातात द्यावी. आता माणसं वाटेवर आहेतच की, तू तिकडं, नातवंडं आणखी कुठं कुठं. ती घेईल की नाही, मला माहीत नाही. नाही घेतली तरी चालेल, नुसती बसली तरी चालेल. पण ती नाही आणि मी आहे, हे चालत नाही.

सोलापूरहून येताना इंदापूर तुझ्या वाटेतच आहे. हुरडा आहे तोवर ये. सलीमच्या दारात गाडी उभी कर, सुनेला माझं नाव सांग, मावशीचं बोचकं उचल आणि तिला पुढच्या सीटवर बसव. तिला काय वाटतं, यायचं की नाही, का यायचं, यातलं काही विचारू नकोस. फक्त घेऊन ये. दिवेलागणीच्या आत पोचा.

— तुझी आत्या